फ्लेक्सवर गावाचा हिशेब

सरपंच थेट जनतेतून निवडावा की सदस्यांतून, हा वाद आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवडणूक जवळ आली की हमखास उफाळतो. २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. सरकार बदललं की नियम बदलला. ज्याला ज्या पद्धतीत आपला माणूस बसण्याची शक्यता जास्त दिसते, त्याला ती पद्धत जास्त लोकशाहीची वाटते, एवढाच त्यातला सिद्धांत. हे सगळं मी इंडोनेशियात, मध्य जावातल्या क्लातेन जिल्ह्यात बसून वाचते. नवऱ्याची नोकरी सोलो शहराकडच्या सूतगिरणीत. इचलकरंजीची माणसं सुताच्या मागे कुठवर जातील याचा नेम नाही.

इथे गावचा प्रमुख थेटच निवडतात, आणि तेही डच अमदानीपासून. त्याचं सरकारी नाव कपाला देसा (देसा म्हणजे गाव), पण जावातली माणसं अजून ‘पाक लुराह’च म्हणतात. पूर्वी अक्षरओळख नसलेल्या मतदारांसाठी उमेदवारांची चिन्हं भात, मका, कसावा अशी पिकंच असायची आणि बांबूच्या नळकांड्यात काडी टाकली की झालं मत. मग एवढ्या जुन्या थेट निवडीने पैशाचा खेळ थांबला का? छे. मतदानाच्या दिवशी पहाटे पाकिटं फिरतात. आपल्याकडचं लक्ष्मीदर्शन निदान आदल्या रात्री उरकतं. वर इथे ‘बोतोह’ नावाची जमात आहे. हे सट्टेबाज. कोण निवडून येणार यावर पैसे लावतात आणि मग पैज बुडू नये म्हणून स्वतःच्याच खिशातून मतं विकत घेतात. ही युक्ती सांगली-कोल्हापुरात अजून पोचली नसेल तर कृपया कुणी पोचवू नका. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदासाठी दोन कोटींवर बोली गेली आणि २०२१ च्या जानेवारीत निवडणूक आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली, हे आठवलं की वाटतं, निवडीच्या पद्धतीत दोन्हीकडे कुणी कुणाला नावं ठेवू नयेत.

फरक पडतो तो निवड झाल्यावर.

आमच्या देसाचं कार्यालय कामाच्या दिवशी उघडं असतं. आत चारिक (म्हणजे सचिव), हिशेबनीस, वस्त्या-वस्त्यांचे प्रमुख. सगळे पगारी, आणि बहुतेक गावातलेच. पगाराशिवाय त्यांच्याकडे ‘बेंगकोक’ जमीन असते. पदावर असेपर्यंत कसायची, पद गेलं की गावाला परत. मराठी माणसाला यात वतन दिसणारच. आपल्याकडे कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेलं, मुलकी पाटीलकी १९६२ च्या. गेलं ते बरंच झालं. महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या जी वेठबिगारी चालली, तिचं समर्थन कोण करेल? पण त्या सगळ्यात गावातच राहणारा हिशेबनीसही गेला आणि त्याच्या जागी महसुलाला तलाठी, तर पंचायतीच्या कारभाराला दोन-तीन गावांचा भार वाहणारा, तालुक्याच्या ठिकाणी राहणारा ग्रामसेवक आला. आता त्याचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय. “साहेब आज दुसऱ्या गावाला गेलेत,” हे उत्तर तेच.

पैसा म्हणाल तर तो दोन्हीकडे येतो. इंडोनेशियाने २०१४ मध्ये देसा कायदा केला आणि २०१५ पासून ‘दाना देसा’ म्हणून राष्ट्रीय अंदाजपत्रकातला पैसा गावांना द्यायला सुरुवात केली. देसा पंचाहत्तर हजारांच्या आसपास. २०२५ मध्ये गावामागे सरासरी एक अब्ज रुपियाच्या आगेमागे. अब्ज ऐकून दचकू नका, आपले ५० लाख होतात. आपल्या पंधराव्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ चा निधीही थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा व्हायचा, फक्त त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधून दिलेला.

तर मग फ्लेक्सकडे येते. महाराष्ट्रात फ्लेक्स म्हणजे भाऊंचा वाढदिवस, खाली पन्नास शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. इथे देसा कार्यालयाच्या दारात तेवढाच मोठा फ्लेक्स असतो. लुराहचा हसरा फोटो त्यावरही असतोच, माणसाचा स्वभाव कुठे जाणार? पण बाकीचा सगळा फ्लेक्स वर्षाच्या अंदाजपत्रकाने भरलेला. दाना देसा इतका, जिल्ह्याचा वाटा इतका, गावाचं स्वतःचं उत्पन्न इतकं. खर्चात कर्मचाऱ्यांचे पगार, बाळांचं वजन करतात त्या केंद्राचा आहार, अमुक गल्लीचं गटार. गटाराची लांबी मीटरमध्ये. भाजीला जाता-येता बायका तो वाचतात आणि गटार मोजतातही. आपल्याकडे ई-ग्रामस्वराजवर सगळा हिशेब आहे, कुणीही मोबाइलवर बघावा, असं ग्रुपवर एकाने लिहिलं. खरं आहे. पण ॲपवर जाऊन हिशेब शोधणाऱ्याला गावात भांडखोर म्हणतात. फ्लेक्स वाचणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही.

ही सवय वरून आलेली नाही, गल्लीतून वर गेली आहे, असं मला इथे राहून वाटू लागलंय. आमच्या गल्लीत प्रत्येक घराच्या फाटकाला प्लास्टिकचा एक कापलेला पेला खिळ्याने ठोकलेला आहे. संध्याकाळी त्यात पाचशे रुपियाचं नाणं टाकायचं, म्हणजे अडीच-तीन रुपये. पूर्वी मूठभर तांदूळ टाकत. रात्री गस्तीवरची माणसं ते गोळा करतात आणि कुणाच्या पेल्यात नाणं नव्हतं ते वहीत मांडतात. दर पस्तीस दिवसांनी, म्हणजे जावातलं पाच दिवसांचं बाजारचक्र आणि सात दिवसांचा आठवडा पुन्हा जुळला की, बैठक बसते आणि ती वही मोठ्याने वाचली जाते. आजारपण, मयत, रस्त्यावरचा दिवा, सगळं त्यातून. आमचं नाणं राहिलं तर तेही वाचलं जातं, परदेशी म्हणून सूट नाही. आपल्या ग्रामसभेला गणसंख्या लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी कमी असेल ती. ती भरली नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट नसते. पुढचं सांगायला नको.

क्लातेनमधलंच पोंगोक गाव इथे सगळ्यांच्या तोंडी असतं. मेरापी ज्वालामुखीच्या पूर्व उतारावर पडलेलं पाणी या पट्ट्यात झऱ्यांतून वर येतं. म्हणूनच जवळच्या देलांगूचा तांदूळ नावाजलेला, म्हणूनच बाटलीबंद पाण्याचा मोठा कारखाना याच पोलानहार्जो तालुक्यात. रमजानच्या आदल्या दिवशी स्नानाला इथल्या झऱ्यांवर झुंबड उडते. पोंगोकची वस्ती दोनेक हजारांची. एके काळी मागासलेल्या गावांच्या सरकारी यादीत होतं. जुनैदी मुल्योनो लुराह असताना २००९ मध्ये गावाने स्वतःची कंपनी काढली, ‘तिर्ता मंदिरी’, आणि झरा पर्यटनाला लावला. झऱ्याच्या तळाशी वाळू-दगड, पाणी आरपार, मासे पायांना घासून जातात. त्या तळाशी मोटरसायकल, बाकडं, टीव्ही ठेवून लोक पाण्याखाली फोटो काढून घेतात. मला स्वतःला ते प्रकरण हास्यास्पद वाटतं, पण गावाचं उत्पन्न त्यावर अब्जांत गेलं. गावकऱ्यांनी कंपनीत भाग घेतले, त्यावर लाभांश मिळतो, आणि घरटी एक पदवीधर व्हावा म्हणून गाव कॉलेजच्या मुलांना महिन्याला पैसे देतं.

ग्रुपवर मी हे टाकलं तेव्हा लगेच उत्तर आलं, “आपल्याकडे हिवरे बाजार आहे की!” आहेच, आणि पोपटराव पवारांनी पाणी नसलेल्या गावात जे केलं ते पोंगोकपेक्षा कितीतरी अवघड होतं. पोंगोकला पाणी निसर्गाने दिलेलं. तरी आदर्श गावांचं दोन्हीकडे एकच होतं. एकसारखे बाटिक शर्ट घातलेल्या गावपुढाऱ्यांच्या बसेस भरून अभ्यासदौरे येतात, फोटो काढतात, भत्ता घेतात आणि परत जाऊन स्वतःच्या गावात एक पोहण्याचा तलाव बांधतात. झरा नसला तरी.

आणि इथलं सगळं गोजिरं आहे असं कुणी समजू नये. भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांच्या वार्षिक यादीत गावांच्या निधीची प्रकरणं वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर असतात. २०१९ मध्ये आग्नेय सुलावेसीत कागदावरच अस्तित्वात असलेल्या गावांना निधी गेल्याचं निघालं आणि तेव्हाच्या अर्थमंत्री श्री मुल्यानीबाईंना ते संसदेत सांगावं लागलं. २०२३ च्या सुरुवातीला देशभरचे लुराह जाकार्तात संसदेसमोर धडकले, कशासाठी? मुदत सहाची नऊ वर्षं करा म्हणून. २०२४ मध्ये आठ मिळाली. बायकांचं म्हणाल तर महाराष्ट्रात निम्म्या जागा राखीव, इथे लुराहपदाला तसलं आरक्षणच नाही. उलट लुराहची बायको गावच्या महिला मंडळाची आपोआप अध्यक्ष होते. आपले सरपंचपती निदान लपूनछपून कारभार करतात, इथे पतीच्या खुर्चीबरोबर पत्नीला खुर्ची रीतसर मिळते. या एका बाबतीत मी ग्रुपवर छाती फुगवून लिहिते.

आता नवीन वारं सुटलंय. २१ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष प्राबोवो याच क्लातेनमधल्या बेंतांगान गावात आले आणि देशभरच्या ८० हजार ‘लाल-पांढऱ्या’ ग्राम सहकारी संस्थांचं उद्घाटन करून गेले. २०२५ च्या योजनेत संस्थेला सरकारी बँकेकडून तीन अब्ज रुपियापर्यंत कर्ज, फेडता आलं नाही तर दाना देसातून वळतं. देखरेख समितीचा अध्यक्ष पदसिद्ध लुराह. फ्लेक्सवरचा जो आकडा गावाने दहा वर्षं आपला म्हणून वाचला, तो आता गावाने न मागितलेल्या संस्थेला तारण.

आमच्या शेजारी एक निवृत्त चारिक राहतात. त्यांना या समितीवर येण्याचा आग्रह चालला होता. मी महाराष्ट्राची, आणि महाराष्ट्रात सहकार जुना, एवढं त्यांना ठाऊक. त्यांनी विचारलं, “बू (म्हणजे बाई), तुमच्याकडे कसं झालं?” मी प्रवरानगरचं सांगितलं. विठ्ठलराव विखे पाटलांनी बैलगाडीतून फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं, धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले आणि १९५० च्या सुमाराला शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना उभा राहिला.

“आणि आता?”

काही उत्तम चाललेत, म्हटलं. बरेच कर्जात बुडाले, बँकांनी विकले.

“घेतले कुणी?”

जे चालवत होते, त्यांच्याच सोयऱ्याधायऱ्यांनी, बऱ्याचदा.

त्यांनी समितीला नकार कळवला. कारण म्हणून वय सांगितलं.