रेझिस्टर, रिअ‍ॅक्टिव्ह लोड आणि ४०० हर्ट्झ : ऐरोलीच्या वाचकांना उत्तर

नमस्कार.

गिटारच्या ट्यूब (म्हणजे व्हॉल्वच्या) अ‍ॅम्पचा आवाज माइक न लावता थेट मिक्सरपर्यंत कसा न्यावा, या माझ्या लेखावर आपण ऐरोलीहून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. आपले म्हणणे असे, की रिअ‍ॅक्टिव्ह लोड, म्हणजे स्पीकरऐवजी अ‍ॅम्पला जोडायचे आणि विजेच्या दृष्टीने स्पीकरसारखे वागणारे उपकरण, हा पैसे उकळण्याचा प्रकार आहे. ४०० हर्ट्झचा सूर देऊन आपण मल्टिमीटरने मोजले, तेव्हा ८ ओहमच्या स्पीकरवर आणि ८ ओहमच्या रेझिस्टरवर सारखेच व्होल्ट आले, त्यामुळे मला ऐकू येणारा फरक हा निव्वळ ‘मनाचा खेळ’ आहे. वर ‘काका, ठाण्याच्या टू-बीएचकेत बसून लंडनच्या स्टुडिओच्या गप्पा मारू नका’ असा सल्लाही आहे.

काका म्हटल्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र लेख शेवटपर्यंत वाचला असता, तर टू-बीएचके हेच त्या लेखाचे कारण आहे, हे आपल्या लक्षात आले असते. सेलेशनचा व्हिंटेज ३० हा बारा इंची स्पीकर १ वॉटवर १ मीटर अंतराशी १०० डेसिबल आवाज देतो, आणि निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीत भिंतीपलीकडे लहान मूल झोपलेले असते. ज्याच्या हाताशी स्टुडिओ आहे, त्याने खुशाल माइक लावावा. लाइन आउटची, म्हणजे अ‍ॅम्पचा सिग्नल थेट मिक्सरकडे नेणाऱ्या जोडणीची, निकड आमच्यासारख्यांनाच आहे.

उमेदीची सगळी वर्षे मी गडकरी रंगायतनापासून वाशीच्या मैदानांपर्यंत ऑर्केस्ट्रांचा साउंड सांभाळला आहे. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सुट्या भागांवर व्हॉल्वचे अ‍ॅम्प पुन्हा उभे केले आहेत, आणि लोडशिवाय वाजवल्यामुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळालेले अ‍ॅम्प स्वतःच्या टेबलावर उघडले आहेत. अशा माणसाच्या कानांवर शेरा मारण्याआधी एक साधा प्रश्न विचारायला काय हरकत होती?

एक गोष्ट मान्य करतो. अ‍ॅम्प सुरक्षित राहण्यापुरता, पुरेशा वॉटेजचा रेझिस्टर पूर्णपणे चालतो. त्याने ट्रान्सफॉर्मर जळत नाही, आणि लेखात हे अधिक ठळकपणे यायला हवे होते. पण लेखाचा विषय अ‍ॅम्प वाचवण्याचा नव्हता, आवाजाचा होता.

आता आपल्या मोजमापाकडे येतो. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेले असले, तरी तो सगळ्या सुरांना ८ ओहम नसतो. बंद कॅबिनेटमधल्या बारा इंची स्पीकरचा इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा त्याचा अडथळा, १०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच्या रेझोनन्सपाशी (नैसर्गिक कंपनापाशी), कित्येक पटींनी चढतो; मग उतरत उतरत ३०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात ८ ओहमच्या जवळ येतो; आणि तिथून व्हॉइस कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा वर चढत राहतो. आपण नेमका ४०० हर्ट्झचा सूर निवडलात. स्पीकर आणि रेझिस्टर जिथे एकमेकांसारखे वागतात, त्याच ठिकाणी मीटर लावून दोघे सारखे आहेत असा निष्कर्ष काढणे, ही परीक्षा नव्हे.

हा चढउतार ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ऐकू येतो, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स मोठा असतो. जिथे स्पीकरचा इम्पीडन्स वाढतो, तिथे टर्मिनलवरचे व्होल्टेजही वाढते. निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणे) ही वाढ काही प्रमाणात आवरून धरतो. परंतु व्हॉक्सच्या एसी ३० सारख्या ईएल ८४ व्हॉल्वच्या अ‍ॅम्पमध्ये पॉवर स्टेजभोवती तो फीडबॅकच नाही, म्हणून तिथे फरक सर्वांत जास्त जाणवतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर हाच प्रयोग केलात, तर आपले म्हणणे बहुतांशी खरे ठरेल.

खालच्या ई तारेवर तळहात टेकवून एक जोरकस स्ट्रोक मारा. रिअ‍ॅक्टिव्ह लोडवर त्या स्ट्रोकच्या तळाशी छातीला जाणवणारा ठोका असतो आणि पिक तारेवरून सुटतानाची धार वर स्पष्ट राहते. रेझिस्टरवर ठोका बसका होतो, धार जाते आणि मधला आवाज नाकातून आल्यासारखा पुढे येतो. लेव्हल सारखी करून, डोळे मिटून, दुसऱ्याला स्विच बदलायला सांगून मी हे ऐकले आहे.

यावर कोणी म्हणेल, की पुढे इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची मोजून घेतलेली डिजिटल छाप) लावला की स्पीकरचे गुण आपोआप येतात. कॅबिनेट आणि माइक यांचे गुण येतात, हे खरे. पण ते मोजमाप बहुधा कमी आउटपुट इम्पीडन्सच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर घेतलेले असते, त्यामुळे व्हॉल्व आणि स्पीकर यांच्यातली ही देवाणघेवाण त्यात उतरलेली नसते. ती लोडकडूनच यावी लागते.

इफेक्ट लूपच्या सेंडमधून (पॉवर स्टेजच्या आधी सिग्नल बाहेर काढणाऱ्या जॅकमधून) थेट सिग्नल घ्या, या आपल्या सूचनेबद्दल एवढेच लिहितो, की त्यात फेज इन्व्हर्टर, पॉवर व्हॉल्व आणि ट्रान्सफॉर्मर हे अ‍ॅम्पचे पुढचे टप्पे सगळेच गळतात. प्लगइन (अ‍ॅम्पची नक्कल करणारी सॉफ्टवेअर) स्वस्त पडतात, या मुद्द्यावर मला वाद घालायचा नाही. तो वेगळा विषय आहे. लाइन आउटला ‘दोन पैशांचे डिव्हायडर’ (व्होल्टेज उतरवणारे दोन रेझिस्टर) म्हणालात, तर १५ वॉटवर ८ ओहमला सुमारे ११ व्होल्ट असतात आणि प्रोफेशनल लाइन लेव्हल १.२३ व्होल्टची आहे. म्हणजे साधारण १९ डेसिबल उतरवायचे असतात, आणि त्यानंतर दोन उपकरणे विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसला की ग्राउंड लूपमुळे (दोन्हींच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या प्रवाहामुळे) ५० हर्ट्झची घरघर रेकॉर्डिंगमध्ये शिरते.

आपला मल्टिमीटर आहेच. व्हॉल्यूम न हलवता, कमी आवाजावर, आधी स्पीकरला आणि मग रेझिस्टरला १०० हर्ट्झचा सूर द्या आणि दोन्ही आकडे इथे लिहा. जे असतील ते मी जसेच्या तसे ठेवीन. वरच्या सुरांसाठी मीटरवर भिस्त ठेवू नका, साधे मीटर १ किलोहर्ट्झच्या वर अचूक राहतीलच असे नाही. आणि लोड बदलताना अ‍ॅम्प नुसता स्टँडबायवर ठेवू नका, पूर्ण बंद करा.