म्हशीचा पांढरा, गाईचा पांढरा

आमच्या गाडीला पोरं 'मोटरहोम' म्हणतात, आई 'बिऱ्हाड' म्हणते आणि आरसीवर रंगाच्या रकान्यात नुसतंच 'पांढरा' लिहिलंय. जुनी ट्रॅव्हलर घेऊन आत दोन बर्थ, एक सिंक आणि शेगडी बसवली, एवढंच.

गळिताचा हंगाम होता. पन्हाळ्याहून येताना वाघबीळजवळ समोरून आलेल्या उसाच्या ट्रॉलीला मी बाजू दिली. तिनं ती घेतली आणि जाता जाता फाळक्याच्या कडीनं माझ्या गाडीची उजवी बाजूही थोडी नेली. वीतभर ओरखडा.

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं त्यावरून अंगठा फिरवला. "किरकोळ हाय मालक. अर्ध्या दिवसाचं काम." आमच्याकडं 'किरकोळ' हा शब्द फार महागात पडतो, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

"पांढरा कंचा मारायचा?"

"पांढरा म्हणजे पांढराच की."

त्यानं माझ्याकडं कीव आल्यासारखं बघितलं, डिझेल टाकीचं झाकण काढलं आणि आम्ही ते घेऊन रंगाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं कोड विचारला. कोड होता, पण तो कारखान्यातून निघालेल्या गाडीचा. माझी गाडी त्यानंतर ९ वर्षं उन्हात उभी होती. मग वजनकाट्यावर डबा ठेवून त्यानं पांढऱ्यात आधी थेंबभर काळा टाकला, मग पिवळा, मग नखाएवढा तांबडा. पांढरं करायला काळं लागतं, हे मला पन्नाशीत कळलं. नाहीतर राजकारणात गेलो असतो.

झाकणावर रंगाचा ठिपका लावून मिस्त्री म्हणाला, "ह्यो म्हशीचा झाला. तुमची गाडी गाईची हाय."

ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस समोर पिळून दुधाचा ग्लास हातात देतात, तिथं याहून जास्त खुलासा लागत नाही. म्हशीचं पांढरंशुभ्र, गाईचं जरा पिवळसर. पिवळ्याचे आणखी दोन थेंब पडले. ट्यूबलाइटखाली रंग तंतोतंत जुळला. रस्त्यावर उन्हात आणला तर सायीवर गेलेला. पुन्हा आत, पुन्हा थेंब. एकदा जुळला म्हणून मी पैसे काढले, तेवढ्यात तो वाळला आणि बदलला. झाकण हातात घेऊन मी इतक्या वेळा आत-बाहेर केलं, की शेजारचा चहावाला न विचारता कप पुढं करायला लागला.

शेवटी काम सुरू झालं. लांबी म्हणजे पुट्टी भरली, पाण्याचा पेपर मारला, प्रायमर, रंग, वर लॅकर. ओरखडा साफ गेला. त्याच्या जागी पोस्टकार्डाएवढं ठिगळ आलं.

"कड मुरवाय पायजे," मिस्त्री म्हणाला.

मुरवता मुरवता ठिगळ हातभर झालं. मग दारापर्यंत आलं, कारण दाराची फट दिसली की डोळ्याला फरक कळत नाही म्हणे. मग दार तेवढं उठून दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी संपूर्ण उजवी बाजू नवी झाली होती. बाजू पत्र्याची, टप फायबरचं, बंपर प्लॅस्टिकचं. तोच डबा, तीच गन, पण तिघांनी तो रंग आपापल्या मर्जीनं घेतला. बिल मात्र एकाच रंगाचं होतं.

पैसे मोजत असताना मिस्त्री डावीकडं जाऊन उभा राहिला.

"ही बाजू बी घ्यायची का मालक?"

"ती कुठं घासलीय?"

"घासली न्हाई. पर लाजतीया बगा."

मी ऐकलं न ऐकलंसं करून गाडी घरी आणली आणि दारात लावली. शेजारच्या काकू अंगणात होत्या. त्यांना गाडीची नेमकी डावी बाजू दिसली.

"तीन दिवस गाडी कामाला टाकली होती म्हणं? मग धुतली न्हाईत व्हय त्यांनी?"

आणि आत जाऊन त्यांनी बादली आणि फडकं आणून माझ्या हातात दिलं.