४७ टक्के मेंदू गेला कुठे?

'एमआयटीने मेंदू तपासून सिद्ध केलं! चॅटजीपीटीने मेंदू ४७ टक्के बंद पडतो. ८३ टक्के लोकांना स्वतः लिहिलेलंही आठवत नाही. आपली पिढी पाढे पाठ करायची, म्हणून डोकं चालायचं. आजची मुलं मोबाईलवर आलेलं काहीही खरं मानतात.' या आशयाचा मजकूर २०२५ च्या जूनपासून थोड्याफार फरकाने फिरतो आहे. त्यात सगळंच खोटं असतं तर सोपं झालं असतं.

आधी ४७ टक्के. अभ्यास खरा आहे. एमआयटी मीडिया लॅबच्या नतालिया कोस्मिना आणि सहकाऱ्यांनी ५४ जणांना २० मिनिटांत निबंध लिहायला बसवलं. एक गट चॅटजीपीटी घेऊन, दुसरा इंटरनेटवर शोधून, तिसरा कशाचीही मदत न घेता. डोक्याला ईईजीचे, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणारे सेन्सर. मोजला तो मेंदूच्या निरनिराळ्या भागांमधला ताळमेळ, तोही लिहीत असतानाचा. चॅटजीपीटीवाल्यांचा कमी भरला, आणि ४७ टक्के आले ते त्या फरकातून. पण ही तुलना वेगवेगळ्या माणसांच्या गटांची आहे. अमक्याचा मेंदू आधी इतका चालायचा, चॅटजीपीटी वापरून इतका उरला, असं त्या आकड्यात काही नाही. आयता निबंध समोर येत असेल तर डोकं त्या वेळी कमी राबणारच. रिक्षात बसल्यावर पायांना काम नसतं, म्हणून पाय लुळे पडले असं कोणी म्हणत नाही. शिवाय हा मसुदा तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच लोकांसमोर आला होता, आणि 'मठ्ठ', 'मेंदू सडला' असले शब्द आमच्या निष्कर्षांना लावू नका, अशी विनंती खुद्द संशोधकांनीच केली होती. ती विनंती मात्र कोणी फॉरवर्ड केली नाही.

८३ टक्क्यांचं काय? हा आकडा बरोबर आहे, आणि अस्वस्थ करणाराही. पहिल्या निबंधानंतर चॅटजीपीटी गटातल्या १८ पैकी १५ जणांना आपल्याच निबंधातलं एक वाक्य धड सांगता आलं नाही. पण शेजारच्या रकान्यात पाहा. इंटरनेटवर शोधून लिहिणाऱ्यांत असे दोघेच निघाले, आणि कोऱ्या कागदाला भिडणाऱ्यांतही दोघेच. दोष सरसकट 'तंत्रज्ञाना'चा असता तर मधला गटही आपटायला हवा होता. शोधणाऱ्याला चार पानं चाळावी लागतात, काय घ्यायचं नि काय सोडायचं ते ठरवावं लागतं, वाक्य स्वतः जुळवावं लागतं. विचार तिथे होतो. पुढे निबंधाच्या चौथ्या फेरीत १८ जणांची साधनं बदलली, तेव्हा आधी स्वतः लिहून मग चॅटजीपीटी हाती घेतलेल्यांची आठवणही चांगली राहिली आणि मेंदूही जास्त कामाला लागलेला दिसला. इतक्या थोड्या लोकांवरून नियम बांधू नये हे खरंच. पण मग तो दोन्ही बाजूंनी बांधू नये.

पाढ्यांबद्दल थोडक्यात. पावकी, निमकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असणं ही स्मरणाची कमाई, आणि ती बाजारात उपयोगी पडायची. तिचा समोरच्याचं म्हणणं तपासून पाहण्याशी फारसा संबंध नाही. कॅल्क्युलेटरवरही हाच आरोप झाला होता. १९८६ मध्ये हेम्ब्री आणि डेसार्ट यांनी ७९ अभ्यास एकत्र तपासले. नेहमीच्या शिकवण्याच्या जोडीला कॅल्क्युलेटर वापरणाऱ्या मुलांची कागदावरची आकडेमोड बिघडली नव्हती. अपवाद फक्त चौथीचा.

आणि 'आजची मुलं काहीही खरं मानतात', म्हणजे आपली पिढी मानत नव्हती? २१ सप्टेंबर १९९५ आठवा. भारतात मोबाईल सेवा त्याच वर्षी ३१ जुलैला सुरू झाली होती, सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्टला. दोन्ही जवळपास कोणाकडेच नव्हती. तरी सकाळी दिल्लीत गणपती दूध पितो अशी बातमी उठली आणि दिवसभरात मुंबईपासून लंडनपर्यंत देवळांपुढे रांगा लागल्या. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीवरून खाली ओघळताना दाखवलं, द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो तो पृष्ठताण समजावून सांगितला. रांगेतले सगळेच काही अडाणी नव्हते. पाढे तर बहुतेकांना येत असणार.

इथे मोबाईलची बाजू घ्यायचीही गरज नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. तशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर जोरात होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालायचं ठरवलं. अफवेचा वेग तंत्रज्ञानाने वाढवला, हा आरोप मला मान्य आहे. विश्वास ठेवायची घाई मात्र १९९५ मध्येही होती.

उरतो एक प्रश्न, जो त्या मजकुरात नाही: कोणाचं डोकं कमी चालतं? मायक्रोसॉफ्ट आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ३१९ नोकरदारांना विचारलं. एआयवर ज्यांचा भरवसा जास्त, ते उत्तर कमी तपासत होते. स्वतःच्या कामाच्या जाणकारीवर ज्यांचा भरवसा, ते जास्त. ही त्यांनी स्वतःच सांगितलेली माहिती आहे, तेव्हा हातचं राखूनच वाचावी. पण दोघांच्या हातातलं साधन एकाच जातीचं होतं.