संगणकावरचा ओला टॉवेल आधी उतरवा

जुळे सोलापुरात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने गेल्या रविवारी भाच्याच्या संगणकाच्या कॅबिनेटवर भिजवून पिळलेला टॉवेल पसरून ठेवला होता. भाचा घरी बसून चादरींच्या जॅकार्ड नक्षीचे काम करतो आणि त्याची खोली थेट स्लॅबखालची असल्याने दुपारी तेथे बसवत नाही, हे खरे. पण टॉवेलाची कल्पना ताईची नव्हती. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर आलेल्या ‘संगणकाने खोली तापते? एसी नको, हे पाच उपाय करा’ या संदेशाची ती कृपा होती. कॅबिनेटवर ओला कपडा टाका, दारे-खिडक्या लावून बर्फाचे पातेले ठेवा, कॅबिनेटमध्ये जादा पंखे बसवा, स्क्रीनसेव्हर लावा आणि जड कामे रात्री करा, असे ते पाच उपाय.

पहिला उपाय नुसता निरुपयोगी असता तर मी गप्प बसलो असतो. अनेक कॅबिनेटांच्या माथ्यावर जाळी असते आणि आतली गरम हवा तेथूनच बाहेर पडते. तीच जाळी झाकली की आतले भाग अधिक तापतात, आणि टॉवेल कितीही पिळला तरी एखादा थेंब जाळीतून मदरबोर्डावर पडायला वेळ लागत नाही. वीजपुरवठ्याच्या डब्यात २३० व्होल्टची वीज येते, तिच्यापासून आतील कपॅसिटरवर (वीज साठवून ठेवणाऱ्या भागावर) ३०० व्होल्टहून अधिक दाब तयार होतो आणि बटण बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. त्यात जुन्या घरांतील कित्येक बोर्डांना तीन पिनांची जागा असते, पण अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. अशा घरात धातूच्या कॅबिनेटवर ओले फडके टाकायला सांगणाऱ्याला काय म्हणावे? पाणी वाफ होताना उष्णता शोषते, एवढे मात्र मान्य करावे लागते, आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते चांगलेच जाणवते. म्हणून ओला पडदा किंवा वाळ्याचा कूलर खिडकीत असावा, म्हणजे दमट झालेल्या हवेला बाहेर जायला वाट राहते. त्याची जागा संगणकावर नाही.

उरलेल्या उपायांचे उत्तर एकाच माणसाने देऊन ठेवले आहे. जेम्स जूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर पाण्यात पाती फिरवून दाखवले की खर्च झालेले कार्य ठरावीक प्रमाणात उष्णता होऊन प्रकट होते. संगणकालाही हाच नियम लागू आहे. तो ३०० वॉट वीज घेत असेल, तर नक्षी कितीही सुबक निघो, जवळपास तेवढीच उष्णता खोलीत उतरते. आठ तासांत २.४ युनिट, म्हणजे खोलीत तीन माणसे जास्त बसल्यासारखे. आता बर्फ पाहा. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोजूल उष्णता घेतो, म्हणजे या संगणकाची जेमतेम १९ मिनिटांची उष्णता. शिवाय तो बर्फ करणारा फ्रिज त्याहून जास्त उष्णता स्वयंपाकघरात सोडून मोकळा झालेला असतो. जादा पंख्यांनी चिप थंड राहते, खोली नव्हे. आतली उष्णता ते फक्त भाच्याच्या पायांवर आणून सोडतात. स्क्रीनसेव्हर जुन्या काचेच्या पडद्यांवर डाग पडू नयेत म्हणून होता, विजेची बचत करण्यासाठी नव्हे.

रात्रीच्या कामाचा उपाय अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. त्याने उष्णता तसूभरही कमी होत नाही, पण बाहेरची हवा निवलेली असल्याने खिडकी उघडून ती घालवता येते. मात्र त्या खोलीत झोपायचे नाही, गच्चीवर जायचे.

भाच्याकडे आम्ही केले ते एवढेच. ग्राफिक्स कार्डाची वीजमर्यादा त्याच्याच सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणली, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के केली (त्याने बहुतेक संगणकांत टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जास्त वीज खाणारा जादा वेग, बंद होतो), पडद्याचा उजेड उतरवला आणि दहा मिनिटे हात लागला नाही तर संगणक स्लीपमध्ये जाईल असे केले. नक्षी तयार व्हायला थोडा जास्त वेळ लागतो, त्याबद्दल त्याची कुरकुर चालू आहे. आता लांब केबल आणून कॅबिनेटच खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेवायचे आहे, कारण तेथील खिडकी मागच्या बोळात उघडते. टॉवेल ताईने दोरीवर वाळत घातला आहे; तो संदेश मात्र तिने आधीच चार जणींना पाठवला होता, त्यांना मी हे लिहून पाठवत आहे.