एकाची दोन दिसू लागली तर पेन्सिल घेऊन बसू नका

‘एकाएकी दोन-दोन दिसायला लागलं किंवा डोळा तिरका झाला तर घाबरू नका. स्क्रीन बघून स्नायू थकलेत. पेन्सिल नाकाजवळ आणायचा व्यायाम करा. दुखत नसेल तर तपासण्या नकोत, तीन महिन्यांत आपोआप बरं होतं.’ हा मजकूर जो तो पुढे पाठवतो आहे. काही जणांच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासू.

‘स्नायू थकलेत.’ प्रत्येक डोळ्याला हलवणारे सहा स्नायू असतात आणि मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत तीन नसा पोचवतात: मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी तिसरी, चौथी आणि सहावी. सहावी अडली की डोळा कानाच्या बाजूला वळत नाही. दोन प्रतिमा शेजारी-शेजारी दिसतात, लांबचं बघताना जास्तच. चौथी अडली की एक प्रतिमा वर आणि एक खाली दिसते. जिना उतरताना पायरी नेमकी कुठे आहे कळत नाही आणि माणूस नकळत मान एका खांद्याकडे झुकवून चालतो. थकवा असा एकच नस निवडून येत नाही. दिवसभर वापरून डोळे खरोखरच थकतात आणि संध्याकाळी पापण्या जड होऊन दोन-दोन दिसतं, असं मायस्थेनियात (नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट न पोचण्याच्या आजारात) होतं. पण तोही औषधोपचार लागणारा आजार आहे.

‘पेन्सिलचा व्यायाम करा.’ जवळचं बघताना दोन्ही डोळे आत वळवायला त्रास होतो, त्यांना हा व्यायाम उपयोगी पडतो. पण मेंदूच्या खोडात डाव्या-उजव्या डोळ्यांची हालचाल जुळवून आणणारा एक बारीक जोडतंतू असतो. त्याला इजा झाली की बाजूला बघताना एक डोळा नाकाकडे वळतच नाही, दुसरा बाहेर जाऊन थरथरतो. आणि याच माणसासमोर पेन्सिल धरून नाकाजवळ आणली, तर पुष्कळदा तोच अडलेला डोळा व्यवस्थित आत येतो! म्हणजे स्नायू शाबूत आहे, बिघाड आतल्या जोडणीत आहे. तरुणांत यामागे अनेकदा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण खराब होण्याचा आजार) असतो, वयस्करांत बहुधा मेंदूचा झटका. असा माणूस ‘व्यायाम छान जमतोय’ म्हणत घरी बसून राहील, याची मला खरी भीती वाटते.

‘दुखत नसेल तर तपासण्या नकोत.’ मधुमेहामुळे नस अडली तर डोळ्यामागे चांगलंच दुखू शकतं, आणि मेंदूतली गाठ मुळीच न दुखता सहावी नस दाबू शकते. दुखण्यापेक्षा बाहुली बघा. तिसरी नस गेली की पापणी पडते, डोळा झाकला जातो आणि दोन-दोन दिसण्याची तक्रारच उरत नाही. अंगठ्याने ती पापणी हलकेच उचलली की खाली आणि बाहेर गेलेला डोळा दिसतो. त्याची बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा मोठी असेल आणि उजेड टाकूनही आकसत नसेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा नसेवर दाब देत असू शकतो. बाहुली आकसवणारे तंतू नसेच्या बाहेरच्या थरात असतात, म्हणून बाहेरून दाब आला की बहुधा तेच आधी जातात. असा फुगा कधी फुटेल सांगता येत नाही. तासाभराचाही उशीर नको. सुरुवातीला बाहुली ठीक दिसली म्हणूनही निर्धास्त राहू नये.

‘तीन महिन्यांत बरं होतं.’ हे अर्धं खरं आहे. मधुमेह किंवा रक्तदाबामुळे नसेचा रक्तपुरवठा तुटला असेल, तर बहुतेकांचा डोळा तेवढ्या अवधीत पूर्ववत होतो. पण कारण तेच आहे, हे तपासल्याशिवाय कसं कळणार? पन्नाशीनंतर नवी डोकेदुखी आणि चावताना जबडा दुखणं सोबत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या सुजेने कायमचं अंधत्व येऊ शकतं. आठवडेच्या आठवडे उलट्या होत असतील किंवा दारूचं व्यसन असेल, तर बी-१ जीवनसत्त्व तातडीने शिरेतून द्यावं लागतं.

घरी एकच गोष्ट करा: आधी एक डोळा झाका, मग दुसरा. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असेल, तर दोष बहुधा त्या डोळ्याच्या भिंगात किंवा पारपटलात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) असतो. कुठलाही डोळा झाकल्यावर एकच दिसत असेल, तर दोन्ही डोळ्यांची जुळणी बिघडली आहे. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वाटेत गाडी दुसऱ्याला चालवू द्या.