तीन हजार चॅनलचा बॉक्स

परवा आमच्या इथल्या, म्हणजे जर्मनीतल्या, मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एका नव्याने आलेल्या मुलाने विचारलं, "बीबीसी, सीएनएन आणि आपली मराठी न्यूज चॅनल सगळं एकत्र बघायचं तर कुठला पॅक घेऊ? बजेट कमी आहे." दहा मिनिटांत सात उत्तरं आली. त्यातली चार "बॉक्स घे" अशी, म्हणजे टीव्हीला लावला की इंटरनेटवरून हजारो चॅनल चोरून दाखवतो तो डबा. एकाने तर विकणाऱ्याचा नंबरच टाकला. मी फक्त "घेऊ नकोस" लिहिलं, तर लगेच "का ताई?" असा प्रश्न आला. त्या "का"चं उत्तर ग्रुपवर मावणारं नाही, म्हणून इथे लिहितेय. लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आधी कबुली देऊन टाकते. बॉक्स आम्हीही घेतला होता. २०१९ चा मार्च, लोकसभा निवडणूक तोंडावर आलेली. ओळखीच्याच्या ओळखीतून एक माणूस आला, १४० युरो रोख घेतले आणि साबणाएवढा एक काळा डबा टीव्हीमागे खोचून गेला. वर्षभर तीन हजार चॅनल! पहिले दोन दिवस आम्ही नुसते मोजत बसलो. ब्राझीलचं कुठलं तरी गुरांच्या लिलावाचं चॅनलही त्यात होतं. नवरा ते दहा मिनिटं बघत बसला, मग म्हणाला, "बैल चांगला आहे."

२३ मे २०१९. निकालाचा दिवस. मतमोजणी भारतात सकाळी ८ ला सुरू, म्हणजे इथे पहाटे साडेचार. नवऱ्याने रजा टाकलेली, मी रात्रीच उपम्याची तयारी करून ठेवलेली. टीव्ही लावला तर पडद्यावर एक गोल फिरतोय. पाच वाजले, सहा वाजले, गोल फिरतोयच. त्या माणसाला फोन केला, बंद. तो आजतागायत बंद आहे. शेवटी लॅपटॉपवर यूट्यूब उघडलं, तर एबीपी माझा लाइव्ह चालू, झी २४ तास लाइव्ह चालू, एनडीटीव्ही चालू. पैसे नाहीत, पासवर्ड नाही. ज्यासाठी १४० युरो मोजले ते शेजारच्याच पडद्यावर फुकट पडलेलं होतं आणि आम्ही दोन महिने तिकडे बघितलंही नव्हतं.

असा बॉक्स कायद्यात बसत नाही हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला आवडलं असतं. खरं म्हणजे आम्ही विचारलंच नाही. युरोपच्या न्यायालयाने २६ एप्रिल २०१७ लाच नेदरलँड्समधल्या एका खटल्यात सांगून टाकलं होतं की चोरीच्या प्रक्षेपणाच्या लिंका भरून असे बॉक्स विकणं बेकायदा आहे, आणि जाणूनबुजून त्यावर बघणाराही सुटत नाही. तेव्हा "सगळेच घेतात" हे त्या मुलाला कुणी सांगू नये.

आता तो खरोखर काय काय बघू शकतो ते सांगते. डॉइच वेले, अल जझीरा इंग्लिश, फ्रान्स २४, ब्रिटनचं स्काय न्यूज, जपानचं एनएचके वर्ल्ड, आपलं डीडी इंडिया, ही सगळी यूट्यूबवर चोवीस तास लाइव्ह आहेत. स्मार्ट टीव्ही असेल तर यूट्यूबचं ॲप त्यात असतंच. नसेल तर यूट्यूब चालवणारी तीस-चाळीस युरोची स्टिक एचडीएमआयची खाच असलेल्या जुन्या टीव्हीतही खोचता येते. जर्मनीत झाटू आणि जॉइन या सेवांचा फुकट भाग आहे, जाहिराती सोसायच्या एवढंच. मराठीसाठी वर सांगितलेली चॅनल आहेतच, शिवाय २०१७ पासून बीबीसी मराठी आहे. झालं. खर्च फक्त इंटरनेटचा, आणि तो आपण तसाही भरतो.

पण थांबा. ही इतकी चॅनल फुकट का, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता. सांगलीला आमचे आण्णा दरमहा केबलवाल्याला पैसे देतात, आणि इथे मला कतारमधून, पॅरिसमधून, टोकियोमधून चकाचक स्टुडिओतल्या बातम्या कुणी फुकट का दाखवावं? तर फुकट कुणीच नाही. अल जझीरा कतार सरकारच्या पैशावर उभं आहे. फ्रान्स २४ फ्रेंच सरकारच्या. डॉइच वेले जर्मन करदात्यांच्या, म्हणजे माझ्याही. अल जझीराची इंग्रजी वाहिनी आणि फ्रान्स २४ दोन्ही २००६ च्या शेवटी, जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने सुरू झाल्या, आणि रशियाने त्यांच्या आदल्या वर्षीच आपली काढली होती. प्रत्येक देशाला वाटत होतं की जगाने आपल्या खिडकीतून बघावं. सत्यनारायणाच्या प्रसादासारखं आहे हे. प्रसाद फुकट असतो, पण कथा ऐकावी लागते.

आणि म्हणूनच बीबीसीची मुख्य वाहिनी यूट्यूबवर अशी चोवीस तास सापडत नाही. ब्रिटनमध्ये ती तिथल्या लोकांच्या टीव्ही परवान्याच्या पैशावर चालते, आणि बाहेरच्या जगात जाहिराती नि केबल पॅकवर. तिला आपण प्रेक्षक म्हणून नुसते नको आहोत, गिऱ्हाईक म्हणून हवे आहोत. बीबीसी पाहिजेच असेल तर तिची वर्ल्ड सर्व्हिस रेडिओवर, म्हणजे ॲपवर, फुकट ऐकता येते. मी भाजी चिरताना तीच लावते आणि मला तरी चित्रांची उणीव भासत नाही. युद्धाच्या बातमीत तीच तीन दृश्यं फिरवून फिरवून दाखवण्यापेक्षा माणसाने नुसतं नीट सांगितलेलं बरं.

आता मूळ मुद्दा. त्या मुलाला "बजेट कमी" वाटतंय, पण बातम्यांचे पैसे तो भरायला लागलेलाच आहे, त्याला फक्त माहीत नाही. जर्मनीत पत्त्याची नोंदणी केली की काही आठवड्यांत एक पत्र येतं: रुंडफुंकबाइट्राग. सरकारी नव्हे, पण सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी. महिन्याला १८ युरो ३६ सेंट, तीन महिन्यांचे एकदम ५५ युरो ८ सेंट. घरात टीव्ही असो वा नसो. २०१३ पासून ती यंत्रावर नाही तर घरावर आहे. दरवर्षी ग्रुपवर कुणीतरी "माझ्याकडे टीव्हीच नाही, तरी का?" म्हणून चिडतं. चिडा, पण भरा, नाहीतर वसुली दारात येते.

यात एक गोम आहे जी मला २०१४ मध्ये कुणी सांगितली नाही. वर्गणी घरामागे एक. चौघं मिळून फ्लॅटमध्ये राहत असाल तरी एकच. आम्ही तिघी एकत्र राहायचो. पत्र तिघींनाही आलं आणि आम्ही तिघींनीही गुमान भरलं. सहा महिन्यांनी ऑफिसात बोलता बोलता कळलं. मग एकीचा वर्गणी क्रमांक लिहून बाकी दोघींनी फॉर्म भरले आणि जास्तीचे पैसे परत मिळाले. चूक आमचीच. पत्रात ते लिहिलेलं होतं, पण तेव्हा आम्हाला जर्मनमध्ये "पाव कितीला" याच्या पुढे येत नव्हतं.

तर एवढे पैसे भरून मिळतं काय? एआरडी आणि झेडडीएफ ही दोन मोठी सार्वजनिक टीव्ही चॅनल, त्यांची बातम्यांची वेगळी चॅनल, फ्रेंच-जर्मन वाहिनी आर्ते, डॉइचलांडफुंक रेडिओ, आणि या सगळ्यांची ॲपं. आपल्यातले कितीतरी लोक वर्गणी मुकाट भरतात आणि बातम्यांसाठी वेगळा पॅक शोधत फिरतात. घरचं दूध नासवून बाहेर चहा प्यायचा, असला प्रकार.

"पण जर्मन कळत नाही ना ताई." कबूल. मलाही कळत नव्हतं. डॉइच वेलेवर शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम सावकाश वाचलेल्या बातम्या असतात, मी त्यांवर शिकले. इतक्या सावकाश की नवरा म्हणायचा, निवेदकाला चक्कर येतेय. एआरडीने जून २०२४ पासून सोप्या भाषेतल्या बातम्याही सुरू केल्यात. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे 'लोगो', मुलांच्या बातम्या, संध्याकाळी ७ वाजून ५० मिनिटांनी कीका चॅनलवर. लेकीबरोबर बघायला लागले आणि लक्षात आलं की संसद बरखास्त म्हणजे काय, व्याजदर वाढले तर घरात काय होतं, हे मला दहा वर्षांच्या मुलांना सांगतात तसं सांगितलं तरच नीट कळतं. जर्मनमध्येच असं नाही, मराठीतसुद्धा.

केबलचंही सांगून ठेवते, कारण त्यातही मी हात पोळून घेतलाय. पूर्वी इथे केबलचे पैसे घरभाड्याबरोबरच्या खर्चात परस्पर लागायचे, हवं असो वा नको. १ जुलै २०२४ पासून घरमालकाला ते तसे लावता येत नाहीत. सुमारे सव्वा कोटी घरांचा प्रश्न होता. त्या उन्हाळ्यात दारोदार विक्रेते फिरत होते. आमच्याकडेही एक हसतमुख मुलगा आला, म्हणाला की आज सही केली नाही तर उद्यापासून टीव्ही काळा. मी केली! दोन वर्षांचा करार. संध्याकाळी नवऱ्याने वाचला आणि विचारलं, "आपण केबल शेवटची कधी बघितली?" नशिबाने दारात केलेला करार १४ दिवसांत कारण न देता मागे घेता येतो. दुसऱ्याच दिवशी लेखी कळवून टाकलं. तुम्हीही कुणी दारात आलं तर आधी पाणी द्या, सही नंतर.

आमच्या इमारतीत एका तुर्की कुटुंबाच्या गॅलरीत डिश आहे, आपल्याकडे जिला छत्री म्हणतात ती. मी आधी नाक मुरडायचे, काय ते पत्र्याचं ताट लावून ठेवलंय म्हणून. मग कळलं की त्या ताटामागे जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाचा १९९४ चा निकाल आहे. एका तुर्की भाडेकरूला घरमालक डिश लावू देत नव्हता. न्यायालय म्हणालं, मायदेशाच्या बातम्या मिळवणं हा माहितीच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, आणि मालकाच्या हक्काशी तो तोलून बघावाच लागेल. पुढे केबल-इंटरनेटवर तीच चॅनल मिळायला लागली तशी न्यायालयं मालकांकडेही झुकली, तेव्हा आज कुणी उठून भिंतीला ड्रिल लावू नका. पण त्या डिशवाल्या तुर्की काकांकडे मी आता वेगळ्या नजरेने बघते. आपल्या गावची बातमी आपल्या भाषेत ऐकायची भूक हा चोचला नाही, हे तीस वर्षांपूर्वी कुणीतरी कोर्टात भांडून मिळवलंय.

ती भूक मलाही आहे. पण तिच्यासाठी एकाच ताटात जेवू नये एवढंच माझं म्हणणं. मे २०२५ मधली ती रात्र आठवते. आण्णांचा फोन आला, आवाज थरथरत होता. "अगं, कराची बंदर उडवलं म्हनं आपल्या नेव्हीनं! तिकडं काय दाखवत्यात?" आपल्याकडची काही चॅनल तसं छातीठोक सांगत होती, मागे सायरनचे आवाज लावून. मी तीन-चार परदेशी चॅनल चाळली. कुठेच तसं नव्हतं. "आण्णा, इथं कुणीच म्हणत नाही हे." ते गप्प झाले, मग म्हणाले, "मग आमच्याकडं कोन खोटं बोलंल?" सकाळपर्यंत कळलं की तसलं काही झालंच नव्हतं. त्या रात्री ती फुकटची परदेशी चॅनल मला कुठल्याही पॅकपेक्षा मोलाची वाटली.

याचा अर्थ परदेशी चॅनल सोवळी आहेत असा नाही. महाराष्ट्रात पूर आला, उष्माघाताने माणसं गेली, निवडणूक लागली, की त्यांना आपली आठवण. एरवी आपण नकाशावर नाही. कतारचं चॅनल कतारबद्दल किती बोलतं ते बघा, आणि जर्मन चॅनल जर्मन शस्त्रविक्रीबद्दल. मी तर दोन चॅनलची एकच बातमी शेजारी शेजारी लावून बघते. कोण कुठे गप्प बसलं हे त्यात जास्त कळतं. (नवरा याला सासूबाईंची पद्धत म्हणतो. दोन्ही सुनांना वेगवेगळं विचारायचं.)

पैसे द्यायचेच असतील तर मी कुठे देईन? गावच्या ग्रंथालयात. वर्षाला थोडेसे युरो, आणि इथल्या अनेक शहरांत त्या कार्डावर जगभरची वर्तमानपत्रं घरबसल्या वाचता येतात. मराठी मालिका, सिनेमे पण हवेत, तर परदेशातल्यांसाठी कायदेशीर भारतीय सेवाही आहेत, त्यांचं वर्गणीपत्रक वाचा, महिना घेऊन बघा, मग ठरवा. पण ते मनोरंजन झालं. बातम्यांसाठी पॅक हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे, असं माझं ठाम मत, भांडायचं असेल तर खाली या.

एकच गोष्ट मला पैसे देऊनही मिळत नाही. सांगलीच्या घरी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या आणि त्या संपायच्या आत दप्तर भरून तयार व्हायचं असा नियम होता. आता त्या फोनवर लागतात, पण ७.१० म्हणजे इथले हिवाळ्यात पहाटेचे २.४०. एकदा लेक तापाने फणफणली होती म्हणून जागी होते, तेव्हा सहज लावल्या. धरणाचा विसर्ग, उसाचा दर, कुठल्याशा जिल्हा परिषदेची सभा. कुणी ओरडत नव्हतं. आण्णाही तेव्हा तिकडे तेच ऐकत असणार.

तो बॉक्स अजून माळ्यावर आहे. शनिवारी भंगारात नेऊन टाकणार आहे. रिमोटमधले सेल मात्र काढून घेतले आणि स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओत घातले.