फुगा घातला, तरी पाय का गेला?

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. पायाच्या अँजिओप्लास्टीवरचा, म्हणजे अडलेली धमनी आतून फुगा फुगवून उघडण्यावरचा, माझा लेख म्हणजे डॉक्टरांची जाहिरात आहे, असं तुम्ही म्हणता. वडिलांना मधुमेह, अंगठा काळा पडलेला. दोन म्हशी विकून फुगा घातला, आणि चार महिन्यांत पाय गुडघ्याखाली कापावा लागलाच. आधीच कापला असता तर पैसे आणि हाल वाचले असते. शिवाय बायपासबद्दल, म्हणजे शीर जोडून अडथळ्याला वळसा घालण्याच्या ऑपरेशनबद्दल, मी चकार शब्द काढला नाही.

बायपासचं आधी घेतो, कारण तिथे चूक सरळ माझी आहे. २०२२ मध्ये बेस्ट-सीएलआय नावाचा मोठा अभ्यास आला, अठराशेहून जास्त रुग्णांचा. ज्यांच्या पायातली लांब शीर चांगली होती, त्यांच्यात आधी बायपास केलेल्यांचं फुगा घातलेल्यांपेक्षा जास्त बरं चाललं. पुढच्याच वर्षी बॅसिल-२ आला. त्यात गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी आधी फुगा घातलेले पुढे होते. म्हणजे शीर कशी आहे, अडथळा कुठे आहे, हृदय मोठं ऑपरेशन झेपवेल का, हे माणसागणिक बघावं लागतं. हे मी लिहायला हवं होतं. लेखात आता भर घातली आहे.

जाहिरातीचं म्हणाल तर तुमचा राग कुठून आला ते कळतं. लेखाची सुरुवात मी डॉक्टर चार्ल्स डॉटर यांच्या गोष्टीने केली होती. १९६४, अमेरिकेतलं पोर्टलंड, ८२ वर्षांची बाई, पाय कापायला ठाम नकार. डॉटरनी मांडीतली धमनी आतून रुंद केली आणि बाई शेवटपर्यंत स्वतःच्या पायांवर चालली. अँजिओप्लास्टी हृदयाच्या आधी पायात झाली, हे सांगायचा मला मोह झाला. पण त्या बाईचा अडथळा आखूड होता, आणि मांडीत. मधुमेह्याच्या गुडघ्याखालच्या दोन-तीन मिलिमीटरच्या, चुन्यासारख्या कडक झालेल्या धमन्या हे वेगळंच प्रकरण. तिथे उघडलेली वाट पुष्कळदा काही महिन्यांत पुन्हा आवळते. गोष्ट खरी होती, पण तुमच्या वडिलांच्या पायाला ती लागू नव्हती.

मग आवळणार असेल तर उघडायची कशाला? धडधाकट कातडी टिकायला थोडं रक्त पुरतं, जखम भरायला खूप जास्त लागतं. फुगा जी मुदत मिळवून देतो तेवढ्यात जखम मिटली, तर पुढे धमनी थोडी आवळली तरी पाय बहुतेक वेळा तग धरतो. नाही मिटली, तर सगळं मुसळ केरात.

माझ्याकडे ऊसतोडीला जाणारे एक काका होते. फुग्याआधी चवड्यावर डॉप्लरची, म्हणजे रक्ताच्या वाहण्याचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राची, पेन्सिल टेकवली की नुसती खरखर यायची. नंतर 'सूं... सूं...' ऐकू आलं, तेव्हा काकू यंत्राकडे बघून रडल्या. पण काम तिथून पुढे होतं. काळं बोट काढलं. मग अकरा आठवडे ड्रेसिंग. काकू जखम नाण्यांनी मापायच्या: 'आज दहाच्या नाण्याएवढी', 'आज रुपयाएवढी'. शुगर, संसर्ग, टाचेखालची उशी, आणि तंबाखू बंद. त्यावरून तर घरात भांडणं झाली.

तुम्ही लिहिलंत की डिस्चार्जनंतर ड्रेसिंगला कुणी बोलावलंच नाही, गावातला कंपाउंडर आयोडीन ओतून पट्टी बांधायचा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात झोंबलेली ओळ हीच. फुग्याचं बिल निघतं, अकरा आठवड्यांच्या ड्रेसिंगला कुणी वाली नसतो.

'आधीच कापला असता' याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. उमेदवारीच्या काळात मीही नाडी न बघता पाय कापलेत. खालचा छेद भरला नाही म्हणून पुन्हा गुडघ्याच्या वर कापलेत. कापल्याची जखम भरायलाही रक्तच लागतं. तुमच्या वडिलांचा गुडघा वाचला तो फुग्यामुळे का, हे फिल्म न बघता मी सांगणार नाही. पण स्वतःच्या गुडघ्यासकट जयपूर फूट लावून चालणं आणि गुडघ्याशिवाय चालणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता दुसऱ्या पायाचं. त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, आणि तोच मला जास्त सतावतोय. धमन्यांचा आजार एका पायापुरता राहत नाही. याच आठवड्यात त्या पायाच्या नाड्या बघून घ्या. एबीआय, म्हणजे घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना, करतील, पण मधुमेहात धमन्या कडक असल्याने तो आकडा पुष्कळदा खोटाच चांगला येतो, म्हणून अंगठ्यातला दाबही मोजायला सांगा. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे ना, ते विचारा. रोज रात्री बोटांच्या बेचक्यात बघा, गरम पाण्याची पिशवी लावू नका. आधीच्या अँजिओग्राफीची सीडी घरात असेल तर मला मेल करा, बघून उत्तर देतो.